सहावी पट्टी

सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात माणसं दोन होती आणि हुकूम एकाचाच चालायचा. माणसं म्हणजे नवरा-बायको. हुकूम कुणाचा, हे सांगायला नको. नवऱ्याला सगळा बाजार मास्तर म्हणायचा आणि बायकोला मालकीणबाई. मास्तर काडीपैलवान, फुंकर मारली तर उडतील असे. मालकीणबाई एकशे अठरा किलो. दोघं शेजारी उभे राहिले की दाभण आणि दोऱ्याचं बंडल ठेवल्यासारखं दिसायचं. हे मालकीणबाईंनीच एकदा भर दुकानात म्हणून टाकलं होतं, त्यामुळे बाजाराला म्हणायची सोयच उरली नव्हती.

सोफा उसवायचा, सांगाडा ठोकायचा, स्प्रिंगा बांधायच्या, हे मास्तरांचं काम. कापड बेतायचं, कापायचं आणि शिवायचं, हे मालकीणबाईंचं. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. पण शेवटचे खिळे मारायला दोघांनाही खाली बसावं लागतं, आणि गेल्या चार वर्षांत बाईंचे गुडघे इतके कुरकुरायला लागले होते, की बसल्या तर उठवायला मास्तर आणि समोरचा किल्लीवाला असे दोघे लागायचे. मास्तर एकटेच सोफे उलटेसुलटे करायचे. बाईंना ते बघवायचं नाही, आणि बघवत नाही म्हणून त्या मास्तरांवरच ओरडायच्या.

दुकानात शिरल्याबरोबर समोर एक पाटी होती. मालकीणबाईंनी स्वतःच्या हाताने रंगवलेली. ‘ठरलं तेवढंच.’

ह्या पाटीमागे एक खुर्ची होती. बरीच वर्षं झाली त्याला. एक आजीबाई आपली जुनी आरामखुर्ची घेऊन आल्या होत्या. फक्त वरचं कापड बदलून हवं होतं. मास्तरांनी खुर्ची उसवली तर आतला काथ्या डाव्या बाजूला पार चेपून गेलेला. आता उघडलंच आहे तर करून टाकू, असं म्हणून मास्तरांनी तो काथ्या काढून फेकला आणि नवाकोरा फोम भरला, तोही पदरमोड करून. आजीबाई आल्या, बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग हाताने चाचपत म्हणाल्या, “ह्यांचा खड्डा कुठे गेला?” चाळीस वर्षं त्यांचा नवरा त्या खुर्चीत बसला होता. तो गेल्यावर रोज संध्याकाळी आजीबाई त्याच्या खड्ड्यात बसायच्या. काथ्या तोवर कचऱ्याच्या गाडीतून कुठल्या कुठे गेला होता. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाटी लागली, आणि मास्तरांनी कानाला खडा लावला. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय एक खिळासुद्धा काढायचा नाही.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरवा, मग गुडघ्यांचं बघू. चालून, उपाशी राहून, कडू रस पिऊन मालकीणबाईंनी तीन वर्षांत नऊ किलो उतरवले आणि अकरा चढवले. शेवटी गोष्ट ऑपरेशनवर आली. सर्जनबाई तरुण होत्या, चटपटीत होत्या, आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. जठराचा मोठा भाग कापून काढायचा आणि उरलेल्याची एक निमुळती नळी ठेवायची, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं.

“म्हणजे पिशवीची बाही करणार,” मालकीणबाई म्हणाल्या. “टाके हाताचे की मशीनचे?”

“स्टेपल मारतो आम्ही.”

“आम्हीपण. तुमचे गंजत नाहीत ना?”

सर्जनबाई मनापासून हसल्या आणि मालकीणबाईंना माणूस पसंत पडलं. पोटाला भोकं पाच पडणार, हेही त्यांनी विचारून घेतलं. मग प्रश्नांचा कागद निघाला. आधीचे आजार, औषधं, शुगर. “जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं का कधी? पाठीत कळ जाते?”

“नाही.”

“कधीच नाही? सोनोग्राफीत पित्ताशय नीट दिसत नाहीये, म्हणून विचारते.”

“मला दुखत-बिखत नाही हो. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे.”

मास्तरांनीही मान डोलावली. कुणी शपथ घ्यायला सांगितली असती तर तीही घेतली असती.

ऑपरेशनआधी दोन आठवडे बाईंना नुसतं पातळ पिऊन राहायचं होतं. मास्तरांनीही तेच सुरू केलं. बायको समोर पाणचट सूप पितेय आणि आपण चावून खातोय, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. बाईंचं वजन सहा किलोंनी उतरलं आणि मास्तरांचं चार, आणि मास्तरांकडे ते मुळात द्यायलाच नव्हते. पॅन्ट कमरेला दोरीने बांधून ते हॉस्पिटलात आले.

संमतीपत्र आलं तेव्हा मालकीणबाईंनी चष्मा लावला. ते चार पानी कागद कुणी वाचतं, हे त्या हॉस्पिटलातल्या पोरसवदा डॉक्टरला नवीन होतं. तिसऱ्या पानावर बाई थांबल्या. ‘शस्त्रक्रियेदरम्यान आवश्यक वाटल्यास अन्य शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे.’ त्यांनी पेन मागून घेतलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

“अहो बाई, असं खोडता येत नाही.”

“का? माझंच पोट आहे ना?”

बराच वेळ तू-तू मैं-मैं झाली. सर्जनबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी मधला मार्ग काढला: जिवावर बेतलं तर आम्ही थांबणार नाही, पण बाकी काहीही असलं तर बाहेर येऊन विचारू. बाईंनी खोडलेल्या ओळीच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘माझ्या पतीला विचारून’, आणि सही ठोकली.

सगळे गेल्यावर त्यांनी मास्तरांना जवळ बोलावलं. “ऐका. ही माणसं एकदा उघडलं की थांबत नाहीत. तुम्ही तरी थांबला होतात का? बाहेर येऊन विचारतील, हे पण काढू का, ते पण काढू का. नाही म्हणायचं.”

“अगं, पण गरज पडली तर...”

“नाही म्हणायचं. त्या खुर्चीची शपथ आहे तुम्हाला.”

मास्तर हो म्हणाले. सव्वीस वर्षं म्हणत आले होते.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. मास्तरांच्या सोबतीला त्यांची मेहुणी आली होती, मालकीणबाईंची धाकटी बहीण. एका शाळेच्या कचेरीत ती हजेरीपट सांभाळायची, आणि दिवसभर पोरांना शांतता राखा म्हणून सांगून सांगून तिचं स्वतःचं बोलणं तुंबायचं. ते सगळं तिने मास्तरांवर मोकळं केलं. मास्तर हं हं करत होते आणि बाकड्याच्या सीटकडे बघत होते. रेक्झिन कोपऱ्यात फाटलं होतं. कुणीतरी अगदीच स्वस्तात उरकलं होतं काम.

तास होऊन गेला आणि दार उघडून सर्जनबाई बाहेर आल्या. मास्तर उभे राहिले. पॅन्टची दोरी एका हाताने घट्ट धरून.

“काका, घाबरू नका. त्या छान आहेत. जठराचं काम झालंय,” सर्जनबाई म्हणाल्या. “पण पित्ताशय बघितलं. खड्यांनी गच्च भरलंय आणि सुजून आजूबाजूला चिकटलंय. मला ते आत्ताच काढावंसं वाटतं. पण कागदावर लिहिलंय तुम्हाला विचारायचं, म्हणून आले.”

मास्तरांनी विचारलं, “नाही काढलं तर?”

“आज काहीच होणार नाही. पण आता वजन झपाट्याने उतरेल, आणि तसं उतरताना खडे वाढतात. एखादा पित्ताच्या नळीत अडकला तर घाईघाईत परत ऑपरेशन करावं लागेल, आणि ते आजच्याइतकं सोपं नसेल.”

“आणि काढलं तर?”

“अर्धा-पाऊण तास जास्त. एक भोक जास्त. सूज आहे, तेव्हा जपून काढावं लागेल. धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या पिशवीवाचून माणसाचं काही अडत नाही.”

“तिला जरा उठवून विचारता नाही येणार?”

“नाही हो काका.” सर्जनबाईंचा आवाज मऊ झाला. “खरं सांगू? त्यांनी दुखत नाही म्हणून सांगितलं, त्याचंच मला नवल वाटतंय. ही जुनी सूज आहे. वर्ष-दोन वर्षं तरी त्यांना चांगलंच दुखलं असणार.”

“छे. ती काही बोलली असती की...” मास्तर बोलता बोलता थांबले.

कापडाच्या टेबलाशी उभी असलेली बायको त्यांना दिसली. जेवण झालेलं, दुपारची वेळ, एक हात टेबलाच्या कडेला आणि दुसरा बरगडीखाली, अर्धी वाकलेली. ‘काय गं?’ असं विचारलं की, ‘काही नाही, सुई पडली.’ दोन वर्षांत किती सुया पडल्या होत्या! मास्तर दर वेळी टेबलाखाली शिरून शोधायचे. सुई कधी सापडायची नाही. शेवटी त्यांनी एक लोहचुंबक आणलं, त्याला दोरी बांधली आणि तिच्या टेबलाला लटकवून ठेवलं. तेव्हा तिने त्यांच्या तोंडाकडे किती वेळ बघितलं होतं. मास्तरांना वाटलं होतं, चुंबक आवडलं.

“काका, मला आत जायचंय,” सर्जनबाई म्हणाल्या.

आजीबाईंना तो खड्डा हवा होता. ह्या दुखण्याचं कुणाला काय प्रेम असणार? पण काथ्या फेकतानाही आपल्याला असंच वाटलं होतं, की ह्यात कुणाचं काय जाणार आहे. आपल्याला शपथ घातली आहे. आपण हो म्हटलं आहे. ती आत निर्धास्त झोपली आहे, कारण बाहेर आपण बसलो आहोत. हे सगळं मास्तरांच्या डोक्यात एकदम आलं, आणि त्या सगळ्याच्या वर ती टेबलाशी वाकलेली पाठ.

“काढा,” ते म्हणाले.

दार बंद झालं. सकाळपासून श्वास न घेता बोलणाऱ्या मेहुणीने एकच वाक्य काढलं. “भावोजी, ताई तुम्हाला सोडणार नाही.”

“ओरडायला शुद्धीवर तर येऊ दे तिला,” मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

सगळं नीट पार पडलं. दुपारी मालकीणबाईंना खोलीत आणलं. संध्याकाळी त्या चांगल्या शुद्धीवर आल्या, घोट घोट पाणी प्यायल्या, सलाइनचा स्टँड वाकडा उभा आहे म्हणून सिस्टरला बोलल्या. मास्तरांना इतका आनंद झाला की सांगायची गोष्ट सांगायचीच राहिली. म्हणजे राहिली असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सर्जनबाई तपासायला येत होत्या तेव्हा मास्तरांनी त्यांना पॅसेजमध्येच गाठलं. “एवढं मला सांगू द्या. मी कबूल केलं होतं नाही म्हणीन म्हणून.”

“उद्या सकाळी मी येईपर्यंत सांगा,” सर्जनबाई म्हणाल्या. “त्यांच्या पोटातलं त्यांना कळायलाच हवं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.”

संध्याकाळभर मास्तर आणि मेहुणी यांची अळीमिळी गुपचिळी चालली. मेहुणी बोलायला लागली की मास्तर मध्येच खोकायचे, आणि गप्प बसली की बाई संशयाने बघायच्या, कारण ती गप्प बसते हाच संशय घेण्यासारखा प्रकार होता. मास्तर तीनदा खुर्ची पुढे ओढून बसले. पहिल्यांदा त्यांनी उशी सारखी केली, दुसऱ्यांदा पंख्याचं विचारलं. तिसऱ्यांदा तर बोलायला तोंडसुद्धा उघडलं, पण भेटीची वेळ संपली म्हणून सिस्टर आली, आणि त्यांनी मनातल्या मनात तिचे पाय धरले.

घरी झोप कसली येते. सव्वीस वर्षांत त्यांनी बायकोपासून एकच गोष्ट लपवली होती, तीही आरशाच्या तड्याची, आणि ती अर्ध्या तासात बाहेर आली होती. तिने रागवावं, आदळआपट करावी, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण उद्यापासून ती आपल्या हवाली काहीच करणार नाही, कापडाचा तागासुद्धा नाही, ह्या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला.

सकाळी आठला ते खोलीत आले तेव्हा मालकीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. “आलात? बसा. सूप प्यायलात का?” असं इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की चोराच्या मनात चांदणं पडलं.

“काल फार वेळ बाहेर बसावं लागलं ना तुम्हाला?”

“नाही, म्हणजे हो. बाकड्याचं रेक्झिन फाटलंय तिथलं. कोपऱ्याला दुमडलंच नव्हतं नीट.”

“आणखी काय?”

“चहाचं मशीन आहे. पण बटण दाबलं की नुसतं गरम पाणीच येतं.”

“आणखी?”

पॅसेजमध्ये पावलं वाजली. मास्तर दचकले. पावलं पुढे गेली. त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं. “तुझी पित्ताची पिशवी काढलीये. खडे होते. डॉक्टर विचारायला बाहेर आल्या होत्या. तू नाही म्हण म्हणाली होतीस. मी हो म्हटलं.”

डोळे उघडले तर मालकीणबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

“सहा आहेत,” त्या म्हणाल्या. “ठरल्या होत्या पाच. काल संध्याकाळीच हात फिरवून मोजल्या पट्ट्या. जन्म शिवण्यात गेला माझा, मला मोजता येत नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“वाट बघत होते. तुम्ही सांगताय की त्या डॉक्टरबाई सांगतायत.”

“रागावलीस?”

“रागावणार नाही तर काय? शपथ घातली होती मी.”

“हो.”

“तरी हो म्हणालात.”

“हो. आणि परत विचारलं तर परत म्हणेन.”

हे वाक्य आपलंच आहे, ह्याचं मास्तरांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पण तोंडून निघालं होतं, आणि त्याच्यामागून दुसरं आलं. “आता मी विचारू एक? किती सुया पडल्या होत्या गं?”

मालकीणबाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

“दोन वर्षं! दोन वर्षं मी तुझ्या टेबलाखाली चुंबक घेऊन रांगत होतो. आणि तू वर उभी राहून दुखणं गिळत होतीस. किल्लीवाल्याला गुडघ्याचं सांगतेस, शेजारणीला शुगरचं सांगतेस, आणि मला सुई?” मास्तरांचा आवाज चिरकला. सव्वीस वर्षांत त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो कसा चढवतात हेही त्यांना नीट जमत नव्हतं.

“सांगितलं असतं तर ऑपरेशन पुढे ढकललं असतं त्यांनी,” मालकीणबाई म्हणाल्या. “आणि तुम्ही आणखी सहा महिने एकटेच सोफे उलथवत बसला असतात.”

“हे झालं डॉक्टरांना न सांगण्याचं. मला का नाही सांगितलंस?”

त्या चादरीची शिवण चिमटीत धरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही जेवण टाकलं असतंत. खुर्चीच्या वेळी दोन दिवस जेवला नव्हतात. मला दुखलं तर किती दिवस जेवला नसतात? जेवण टाकायला अंगावर काही लागतं माणसाच्या. तुमच्याकडे आहे का? बघा जरा स्वतःकडे, पॅन्टला दोरी बांधून आलायत.” आणि हे बोलता बोलता त्या हसल्या. हसल्यावर टाके ताणले म्हणून कळवळल्या, आणि मग दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मास्तर लगबगीने उठले, पण अर्ध्यावर थांबले आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

“मला वाईट वाटू नये म्हणून तू दोन वर्षं एकटीने सोसलंस,” ते खिडकीला म्हणाले. “ते मला आवडलेलं नाही. अजिबात आवडलेलं नाही. तू माझ्यावर रागव, काय हवं ते कर. पण ते मला चालणार नाही.”

बाईंनी चादरीच्या टोकाने डोळे पुसले.

दार ढकलून सर्जनबाई आत आल्या. त्यांनी आधी बाईंचे डोळे बघितले, मग मास्तरांची पाठ बघितली. “सांगितलं वाटतं?”

“सांगितलं,” मालकीणबाई म्हणाल्या.

“बरं झालं. सगळं व्यवस्थित निघालंय. आज जरा चालायचं.” त्यांनी पट्ट्या तपासल्या, नाडी बघितली. “दुखतंय का कुठे?”

“नाही हो, मला...” मालकीणबाई सवयीने म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. खिडकीपाशी मास्तरांचे खांदे वर गेले होते आणि वरच राहिले होते.

“दुखतंय,” त्या म्हणाल्या.

मास्तर वळले.

“खूप दुखतंय. कालपासून दुखतंय.” आता त्या डॉक्टरांकडे बघतच नव्हत्या. “इथे, बरगडीखाली. ह्या नव्या पट्टीपाशी सगळ्यात जास्त. उजव्या खांद्यात कळ येतेय, ती का येतेय मला कळत नाही. घसा सोललाय आतून. खोकला आला की भीती वाटते. आणि काल आत नेलं ना, तेव्हासुद्धा फार भीती वाटली होती.”

सर्जनबाई कागदावर लिहून घेत होत्या. मास्तरांनी खुर्ची पलंगाला चिकटेल इतकी पुढे ओढली, बसले आणि बायकोचा हात हातात घेतला.

“आणखी कुठे?” त्यांनी विचारलं.

मालकीणबाईंनी थोडा विचार केला आणि एकेक करून सांगायला लागल्या.